रात्री नऊचे ट्रॅफिक: छोट्या इंटरनेट सेवादाराने व्हिडिओ कसा मोजावा

तालुक्याच्या गावात इंटरनेट देणारा माणूस बहुतेक वेळा पूर्वीचा केबलवाला असतो. टीव्हीच्या केबलसाठी उभे केलेले जाळे आणि गल्लीगल्लीतली ओळख एवढ्या भांडवलावर त्याने फायबर टाकले, स्वतः क्लास सीचा परवाना घेतला किंवा मोठ्या परवानाधारकाची फ्रँचायझी धरली. २०१६च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले, सप्टेंबरात जिओ सुरू झाले. मोबाइलवर लागलेली व्हिडिओची सवय पुढच्या काही वर्षांत बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत पोचली आणि तिचा भार या माणसाच्या फायबरवर आला. तुमच्या नेटवर्कमध्ये एवढे ट्रॅफिक कशाचे, असे त्याला विचारले तर उत्तर तयार असते: सगळा व्हिडिओच आहे. ढोबळमानाने ते बरोबरही असते. पण 'सगळा' म्हणजे किती, कोणाकडून येतो, कोणत्या लिंकवरून येतो आणि रात्री नऊला किती होतो, हे आकड्यांत सांगणारे फार थोडे भेटतात.

आणि हे आकडे थेट पैशांशी बांधलेले आहेत. वरच्या सेवादाराकडून बँडविड्थ किती घ्यायची, यूट्यूबचा कॅशे सर्व्हर आपल्याकडे बसवून मिळेल का, मुंबईच्या एक्स्चेंजपर्यंत स्वतःची लिंक नेणे परवडेल का, हे सगळे निर्णय त्यांच्यावर ठरतात. मोजण्याच्या पद्धती गेल्या तीस वर्षांत साचत गेल्या आहेत. त्यांतली प्रत्येक काही दाखवते आणि काही झाकते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. लहान सेवादाराला जे प्रश्न खरोखर सोडवायचे असतात, त्यांची उत्तरे ग्राहक नेमके काय पाहतो हे न कळताही मिळतात. म्हणून ते कळून घेण्याच्या मागे त्याने लागू नये.

पहिली पायरी राउटरच्या पोर्टवरचा काउंटर. किती बाइट आत आले, किती बाहेर गेले, एवढेच तो सांगतो. दर पाच मिनिटांनी तो वाचून आलेख काढण्याची चाल टोबियास एटिकर यांच्या एमआरटीजी या प्रोग्रॅमने १९९५पासून रूढ केली. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाची ६४ केबीपीएसची लाइन किती भरते हे पाहण्यासाठी तो लिहिला गेला होता. आजचे कॅक्टी किंवा लिब्रेएनएमएस त्याच वाटेने चालतात. जुन्या ३२ बिटी काउंटरमध्ये सुमारे ४.२९ जीबी मावतात. एक जीबीपीएसची लिंक पूर्ण भरलेली असेल तर तो ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. पाच मिनिटांनी वाचणाऱ्या प्रोग्रॅमला मधले फेरे कळतच नाहीत आणि नेमका गर्दीच्या वेळी आलेख खाली आलेला दिसतो. उपाय सोपा आहे: ६४ बिटी काउंटर वाचावा. तरीही जुनी सेटिंग्ज वर्षानुवर्षे तशीच राहतात.

या साध्या आलेखातूनही व्हिडिओबद्दल बरेच कळते. अनेक करारांत बिल ९५व्या पर्सेंटाइलवर निघते. महिन्याचे पाच-पाच मिनिटांचे ८,६४० नमुने उतरत्या क्रमाने लावायचे, वरचे पाच टक्के, म्हणजे ४३२, सोडून द्यायचे आणि त्याखालचा आकडा बिलाला धरायचा. ४३२ नमुने म्हणजे ३६ तास. महिन्यातून एखादा मोठा सामना चार तास चालला तर तो या ३६ तासांत खपून जातो. पण रोज रात्री साडेआठ ते साडेदहा घरोघरी मालिका आणि यूट्यूब चालत असेल तर महिन्याचे साठ तास होतात, आणि ते खपत नाहीत. म्हणजे सेवादाराचे बिल फायनल सामना ठरवत नाही, रोजची रात्र ठरवते. आयपीएलचे दोन महिने याला अपवाद आहेत, कारण तेव्हा सामना हीच रोजची रात्र असते. ज्यांनी ठरावीक क्षमतेची लिंक भाड्याने घेतली आहे, त्यांना पर्सेंटाइलची चिंता नाही. पण लिंक किती वाजता टेकते हे त्यांनाही याच आलेखातून पाहावे लागते.

ट्रॅफिक कोणाकडून येते, हे मात्र काउंटरला माहीत नसते. त्यासाठी फ्लो मोजावे लागतात. एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्याकडे, ठरावीक पोर्टवरून जाणाऱ्या पॅकेटांची एक नोंद, म्हणजे फ्लो. सिस्कोने १९९६च्या सुमारास आणलेला नेटफ्लो, २००१मध्ये प्रसिद्ध झालेला एसफ्लो आणि पुढे मानक ठरलेला आयपीफिक्स ही या कुटुंबातली नावे. लहान सेवादारांकडे सर्रास दिसणाऱ्या मायक्रोटिकच्या राउटरमध्येही ही सोय आहे. नोंदी गोळा करायला पीएमएसीसीटी किंवा एनएफडंपसारखी मोफत साधने आहेत. नोंदीतला पत्ता कोणत्या एएस क्रमांकाचा, म्हणजे कोणाच्या नेटवर्कचा, हे पाहिले की वाटणी दिसू लागते: १५१६९ गूगल, २९०६ नेटफ्लिक्स, ३२९३४ मेटा, २०९४० अकामाई, १६५०९ अमेझॉन. माझ्या मते लहान सेवादाराने घालवलेल्या वेळाचे सर्वाधिक चीज इथे होते. पण इथेच चुकाही सर्वाधिक लपलेल्या असतात, म्हणून जरा थांबून पाहू.

सगळी पॅकेटे मोजणे राउटरला झेपत नाही, तेव्हा हजारांतले एक उचलतात. यावर शंका घेतली जाते की हजारातल्या एकावरून काय कळणार? संख्याशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे: चूक एकूण ट्रॅफिक किती मोठे यावर अवलंबून नसते, त्या गटाचे नमुने किती मिळाले यावर असते. ९५ टक्के खात्रीने टक्केवारीतली चूक १९६ भागिले नमुन्यांच्या संख्येचे वर्गमूळ, एवढीच राहते. दहा जीबीपीएसच्या लिंकवर सेकंदाला साधारण दहा लाख पॅकेटे धरली तर पाच मिनिटांत तीन लाख नमुने हाती येतात. एखाद्या सेवेचा वाटा पाच टक्के असेल तर तिचे पंधरा हजार नमुने, आणि चूक १.६ टक्के. बँडविड्थ विकत घेण्याच्या निर्णयाला याहून अचूक आकडा लागत नाही. आता त्याच गणिताने एक घर पाहा. पाच एमबीपीएसने व्हिडिओ पाहणाऱ्या घराचे पाच मिनिटांत सुमारे १३४ नमुने मिळतात आणि चूक १७ टक्क्यांवर जाते. म्हणजे सॅम्पलिंग एकूण चित्र नीट दाखवते आणि घराचे चित्र धूसर ठेवते. मला ही त्याची उणीव वाटत नाही. सेवादाराला जे पाहायचे आहे ते स्पष्ट, आणि जे पाहण्याचे कारण नाही ते अस्पष्ट.

दुसरी गोष्ट वेळेची. चालू असलेल्या फ्लोची नोंद राउटर किती वेळाने बाहेर पाठवतो, याची मूळ सेटिंग अनेक यंत्रांत तीस मिनिटे असते. वेबपानासाठी ते चालते, कारण तिथले फ्लो आपोआप लवकर संपतात. चित्रपटाचा फ्लो मात्र लांबतो. अर्ध्या तासाचे सगळे बाइट एकदम एका क्षणी नोंदले जातात, आलेखात नसलेला सुळका उभा राहतो आणि खरा चढ सपाट दिसतो. व्हिडिओ मोजायचा असेल तर ही मुदत एका मिनिटावर आणावी.

तिसरी गोष्ट आयपीव्ही६ची. नेटफ्लोची पाचवी आवृत्ती फक्त आयपीव्ही४ ओळखते; नववी आवृत्ती किंवा आयपीफिक्स नसेल तर आयपीव्ही६ची पॅकेटे नोंदीत येतच नाहीत. यूट्यूब आणि नेटफ्लिक्स दोन्ही आयपीव्ही६वर चालतात. त्यामुळे ज्या सेवादाराने कष्ट घेऊन आयपीव्ही६ सुरू केले, त्याच्याच अहवालात व्हिडिओ कमी झालेला दिसतो. सीजीनॅटच्या नोंदींवरून ट्रॅफिकचा अंदाज बांधणाऱ्यांचीही अशीच फसगत होते. आयपीव्ही४चे पत्ते आशिया-पॅसिफिकमध्ये २०११च्या एप्रिलमध्येच संपत आल्यामुळे लहान सेवादार एका पत्त्यामागे अनेक घरे बसवतात. हे काम सीजीनॅटचे यंत्र करते. आयपीव्ही६चे ट्रॅफिक त्या यंत्रातून जातच नाही, आणि त्या नोंदी बहुधा जोडण्या मोजतात, बाइट नव्हे.

आता कॅशेकडे येऊ. गेल्या दशकात व्हिडिओच्या मोजणीवर एवढा परिणाम दुसऱ्या कशाचा झालेला नाही. नेटफ्लिक्सने २०१२मध्ये ओपन कनेक्ट सुरू केले. गूगलची ग्लोबल कॅशे ही योजना त्याच धर्तीची. पुरेसे ट्रॅफिक असलेल्या सेवादाराच्या जागेत कंपनी आपला सर्व्हर बसवते आणि लोकप्रिय व्हिडिओ तिथूनच दिले जातात. सेवादाराची वरची लिंक मोकळी होते, ग्राहकाला व्हिडिओ लवकर मिळतो. पण या सर्व्हरला पत्ता सेवादाराचाच दिलेला असतो. एएस क्रमांकावरून वाटणी करणाऱ्या अहवालात यूट्यूबचे हे सारे ट्रॅफिक 'आपले स्वतःचे' म्हणून जमा होते, किंवा मोजणी फक्त वरच्या लिंकवर असेल तर कुठेच जमा होत नाही. कॅशे बसल्यावर यूट्यूब निम्म्यावर आले, असा निष्कर्ष काढणारा माणूस प्रत्यक्षात यूट्यूब कोणत्या दाराने येते एवढेच मोजत असतो.

म्हणून कॅशेच्या पत्त्यांची यादी हाताने ठेवावी, त्यांच्या पोर्टवर वेगळा काउंटर लावावा आणि दोन संख्या कायम अलग मांडाव्यात: ग्राहकांकडे गेलेला व्हिडिओ आणि वरच्या लिंकवरून आलेला व्हिडिओ. पहिलीवरून आतले जाळे, ओएलटी (घरोघरचे फायबर जिथे जोडले जाते ते सेवादाराकडचे यंत्र) आणि टॉवरपर्यंतच्या लिंक ठरतात, दुसरीवरून बिल. त्यांच्यातले अंतर म्हणजे कॅशेची खरी कमाई. कॅशेचे स्वभावही वेगळे असतात. नेटफ्लिक्स पुढच्या दिवशी काय पाहिले जाईल याचा अंदाज घेऊन गर्दी नसलेल्या वेळी सर्व्हर भरून ठेवते, त्यामुळे पहाटेचा एक वेगळा चढ आलेखात दिसतो. यूट्यूबवर कोण काय मागेल याचा असा अंदाज करता येत नाही. मागणी आली की व्हिडिओ आणायचा आणि ठेवायचा, ही तिथली रीत. थोडी गिऱ्हाइके असलेल्या सेवादाराकडे एकच व्हिडिओ पुन्हा मागितला जाण्याची शक्यता कमी, म्हणून कॅशेचा फायदाही तुलनेने कमी. मोठ्या कंपनीचे टक्के आपल्याला लावून चालत नाहीत, याचे एक कारण हेच.

जिथे कॅशे नाही, तिथे अनेक सेवा अकामाई किंवा अमेझॉनसारख्या सामायिक वितरकांवरून येतात. त्याच पत्त्यांवरून बँकेचे अ‍ॅप, बातम्यांचे पान, फोनचे अपडेट आणि क्रिकेटही येते. एएस क्रमांक वितरकाचे नाव सांगतो, आतल्या मालाचे नाही. मग नावे शोधण्याचा मोह होतो.

त्याचा जुना मार्ग डीएनएस. ग्राहकाच्या यंत्राने कोणते नाव विचारले आणि उत्तरात कोणता पत्ता गेला हे जोडले की फ्लोला नाव मिळते. इटलीत तोरिनोच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०१२मध्ये ही पद्धत नेटकेपणाने मांडली होती. दुसरा मार्ग एसएनआयचा: एन्क्रिप्ट केलेली जोडणी सुरू करताना ब्राउझर सर्व्हरचे नाव उघड लिहितो, ते वाचायचे. दोन्ही वाटा अरुंद होत चालल्या आहेत. नेटफ्लिक्सने २०१५मध्ये व्हिडिओ एचटीटीपीएसवर नेण्याचे जाहीर केले, यूट्यूबचे ९७ टक्के ट्रॅफिक २०१६पर्यंत एन्क्रिप्ट झाले होते. २०१८मध्ये डीएनएसचे प्रश्नही एचटीटीपीएसमधून पाठवण्याचे मानक आले. २०२१मध्ये क्विक हा जोडणीचा नवा प्रोटोकॉल मानक झाला; त्यात जोडणीची जवळजवळ सगळी माहिती झाकलेली असते, जुन्या टीसीपीत दिसणारी परतपाठवणी बाहेरून दिसत नाही. २०२३पासून एसएनआय झाकण्याची सोयही क्रोम आणि फायरफॉक्समध्ये पोचली. शिवाय कित्येक सेवादार ग्राहकाला स्वतःच ८.८.८.८ हा डीएनएस लावून देतात, तेव्हा पहिला मार्ग त्यांनी आपल्याच हाताने सोडलेला असतो.

हे पाहून आता काहीच मोजता येत नाही असे म्हणणारे भेटतात. बाइट, वेळ, दिशा आणि पत्ता एन्क्रिप्शनने झाकलेले नाहीत, आणि सेवादाराच्या निर्णयांना एवढेच लागते. व्हिडिओ स्वतःच्या चालीवरूनही ओळखू येतो. २००९चे एचएलएस असो की २०१२चे डॅश, व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात. प्लेअर एक तुकडा जोरात ओढून घेतो, थांबतो, पुन्हा ओढतो. आधी सलग मोठी ओढ आणि मग ठरावीक अंतराने झटके, ही खूण कोणत्याही कुलपामागून दिसते.

पण हीच खूण किती बोलते, हे कळल्यावर सावध व्हायला हवे. अमेरिकेतल्या रीड आणि क्रँच या संशोधकांनी २०१७मध्ये नेटफ्लिक्सच्या ४२,०२७ व्हिडिओंचे ठसे गोळा केले आणि एन्क्रिप्शन न उघडता, फक्त पॅकेटांची मापे पाहून, वीस मिनिटांच्या २०० चाचण्यांपैकी ९९.५ टक्के वेळा नेमका कोणता व्हिडिओ चालू आहे हे ओळखले. बहुतेक वेळा अडीच मिनिटांच्या आत. लहान गावात याचा अर्थ शहरापेक्षा गंभीर आहे. तिथे सेवादार ग्राहकाला नावाने, घराने, नात्याने ओळखतो. कोणत्या घरात रात्री काय पाहिले जाते हे त्याच्या संगणकावर असणे, हा त्या घराच्या खासगीपणावरचा थेट घाव आहे. मोठ्या यंत्रांचाही इतिहास समोर आहे. नेटफ्लिक्सचा उत्तर अमेरिकेतला संध्याकाळचा वाटा ३७ टक्के असल्याचा २०१५चा गाजलेला आकडा सँडव्हाइनचा. पॅकेट उघडून पाहणाऱ्या याच कंपनीच्या यंत्रांचा इजिप्तमध्ये लोकांवर पाळत ठेवायला उपयोग झाल्यावरून अमेरिकी सरकारने २०२४च्या फेब्रुवारीत तिला निर्बंधांच्या यादीत टाकले; कारभार बदलल्यावर ऑक्टोबरात काढले.

आपल्याकडे परवान्याच्या अटींनुसार जोडण्यांच्या नोंदी सेवादाराला किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. त्या कायदेशीर चौकशीसाठी आहेत. त्यांच्यावरून ग्राहकाची आवड शोधणे हा त्यांचा हेतू नाही, आणि घेतलेल्या हेतूपुरतीच माहिती वापरावी हे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे सूत्र आहे. माझी सूचना अशी की मोजणीसाठी घेतलेल्या फ्लोमधला ग्राहकाचा पत्ता गोळा होताक्षणीच पुसावा. भाग, ओएलटी, सेवा आणि वेळ एवढेच ठेवावे. याने एकही उपयोगी आलेख कमी होत नाही.

प्रमाण मोजणे आणि दर्जा मोजणे, यांतला फरक सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. लिंक भरलेली नाही आणि तरी घरात व्हिडिओ अडकतो, ही रोजची तक्रार असते. एन्क्रिप्टेड ट्रॅफिकवरून सुरू व्हायला लागलेला वेळ आणि चित्राची प्रत ओळखण्याचा एक प्रयोग संशोधकांनी ६६ घरांत १६ महिने चालवला. नेटफ्लिक्स, यूट्यूब, अमेझॉन आणि ट्विच चारही त्यात होते. निष्कर्ष असा की जोडणीचा वेग वाढवल्याने या दोन्हींत फार थोडी सुधारणा होते. गणितही तेच सांगते. जीपॉनच्या एका पोर्टला २.४८८ जीबीपीएस मिळतात. ६४ घरांनी एकाच वेळी पंधरा एमबीपीएसचा फोर-के व्हिडिओ लावला तरी ९६० एमबीपीएस होतात. जुन्या ईपॉनचा एक जीबीपीएसचा पोर्ट तेवढ्याने टेकतो, म्हणून असे पोर्ट वेगळे पाहावेत. बाकी अडचण बरेचदा दोन भिंतींपलीकडे ठेवलेल्या वाय-फाय राउटरमध्ये असते. ती कोणत्याही कोअर राउटरच्या आलेखात येत नाही. घरातल्या ओएनयूपर्यंतची (फायबर जिथे संपते त्या डब्यापर्यंतची) सिग्नलची पातळी आणि वाय-फायची स्थिती तपासण्याची सवय लाइनमनला असली, तर महागड्या विश्लेषण-यंत्रापेक्षा जास्त तक्रारी मिटतात.

क्रिकेटचे प्रकरण स्वतंत्र आहे. १० जुलै २०१९ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात हॉटस्टारवर एका वेळी २.५३ कोटी प्रेक्षक होते. १९ नोव्हेंबर २०२३च्या अंतिम सामन्याला ५.९ कोटी. थेट प्रक्षेपण आधी भरून ठेवता येत नाही, आणि हजार घरे पाहत असतील तर त्या सेवेकडून प्रत्येक घराला स्वतंत्र प्रत निघते. कॅशे सेवादाराच्या जागेत नसेल तर हजारही प्रती वरच्या लिंकवरून येतात. त्या २०१९च्या सामन्यात धोनी धावबाद झाला आणि प्रेक्षकसंख्या कोसळली. असे चढउतार मिनिटाच्या आत घडतात, पाच मिनिटांची सरासरी ते गिळून टाकते. म्हणून सामन्याच्या दिवशी वरच्या लिंकचे काउंटर दहा-दहा सेकंदांनी वाचावेत, आणि पॅकेट गळतीचा काउंटरही. लिंक सरासरी ८० टक्के दिसत असतानाही क्षणभर टेकून पॅकेटे गळत असतात.

मोजलेले आकडे पुढे वाटाघाटीत उतरतात. दक्षिण कोरियात एसके ब्रॉडबँडने मांडले की नेटफ्लिक्सचे ट्रॅफिक २०१८च्या मे महिन्यातल्या ५० जीबीपीएसवरून २०२१च्या सप्टेंबरात १,२०० जीबीपीएसवर गेले; नेटफ्लिक्सचे म्हणणे होते की आमचे सर्व्हर तुमच्याकडे बसवा, मग हा भार बाहेरून येणारच नाही. न्यायालयात गेलेला हा वाद २०२३च्या सप्टेंबरात समझोत्याने मिटला. दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळ्या दारांवर मोजलेले होते, हे वर पाहिलेल्या कॅशेच्या भागावरून लक्षात येईल. भारतात मोठ्या मोबाइल कंपन्यांची संघटना अशाच मोबदल्याची मागणी करत आली आहे. तिच्या युक्तिवादाचा पाया मोबाइल नेटवर्कचा भार आहे, आणि तिथली परिस्थिती निराळी: २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा व्हिडिओ कंपन्यांनी १४ एप्रिलपर्यंत चित्र ४८०पीवर आणण्याचे मान्य केले ते मोबाइल जोडण्यांसाठीच.

फायबरवर चालणाऱ्या तालुक्याच्या सेवादाराचा प्रश्न वेगळा आहे. त्याला मोबदल्यापेक्षा कॅशे हवा आहे, किंवा जवळच्या शहरात तीन-चार सेवादारांनी मिळून वापरायचा सामायिक कॅशे. कॅशे देणारी कंपनी गर्दीच्या वेळचे तिचे ट्रॅफिक एका मर्यादेवर गेले आहे का, हे पाहते. एकट्याचा आकडा तिथे पोचत नाही, चौघांचा पोचू शकतो. त्यासाठी चौघांनी एकाच पद्धतीने मोजलेले असायला हवे: त्याच पाच मिनिटांच्या खिडक्या, आयपीव्ही६ धरून, कॅशेचे ट्रॅफिक वेगळे काढून, सॅम्पलिंगचे प्रमाण सोबत लिहून. असे सामायिक तक्ते आज फारसे कोणी ठेवत नाही. सेवादारांच्या जिल्हा पातळीवरच्या संघटनांनी आयपीएलचा पुढचा हंगाम सुरू होण्याआधी हे काम हाती घ्यावे, कारण हंगामाआधीचे आणि हंगामातले असे दोन्ही आकडे समोर ठेवता आले तरच कंपनीशी बोलणी सुरू होतात.